मुठीकडचं वजन

१

शनिवारी सकाळी कॉव्हेंट्रीतल्या मधुमती पाटणकरच्या स्वयंपाकघरात लोक तलवारी घेऊन यायचे, आणि बहुतेक जण तोंड पाडून परत जायचे.

तलवारी तपासायचं हे काम मुळात तिचं नव्हतं, तिच्या नवऱ्याचं, चंद्रशेखरचं होतं. गाड्यांच्या कारखान्यात जन्मभर इंजिनिअरकी करून तो निवृत्त झाला आणि गुडघ्यांसाठी म्हणून चर्चच्या हॉलमधल्या ताई-चीच्या वर्गाला जाऊ लागला. शिकवणाऱ्या लाऊबाई हाँगकाँगच्या. त्यांनी एके दिवशी त्याच्या हातात सरळ, दुधारी चिनी तलवार दिली आणि शेखर गुडघे विसरला. वर्गातले लोक इंटरनेटवरून तलवारी मागवत, फसत, आणि फसल्याचं त्यांना कळतही नसे. शेखर त्या तपासून देऊ लागला. मधुमती चहा करता करता बघायची, मग हात लावायला लागली, आणि बघता बघता त्याच्याइतकी तरबेज झाली. फेब्रुवारीत शेखर गेला. लोक मात्र येत राहिले.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी संजय आला. हा पुण्याहून वर्षापूर्वी नोकरीसाठी आलेला पोरगा. उघड्या रस्त्यानं तलवार नेता येत नाही म्हणून ती त्यानं गिटारच्या पिशवीत आणली होती. म्यानावर ड्रॅगन, मुठीवर ड्रॅगन, पात्यावरही ड्रॅगन.

मधुमतीनं ती डोळ्यासमोर धरून टोकापर्यंत नजर टाकली. कानाशी हलवली, मुठीत काहीतरी खुळखुळलं. पात्यावर टिचकी मारली. भांड्यासारखा आवाज आला. मग टोक लाकडी पोळपाटावर टेकवून पातं हलकेच वाकवलं आणि सोडलं. चांगलं पोलाद वाकतं आणि पुन्हा सरळ होतं. हे वाकलं ते तसंच राहिलं, उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखं.

"काकू, रिव्ह्यू तर फार चांगले होते," संजय म्हणाला.

"रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी टांगून ठेवलीय. तूही भिंतीला टांग."

"घर भाड्याचं आहे. खिळा मारू देत नाहीत."

तिचे निकाल दोनच असायचे: ‘चालेल’ किंवा ‘भिंतीला टांग’. मधलं काही नाही. पत्र्याला लढाईची तलवार म्हणून विकणाऱ्या भामट्यांचा तिला राग यायचाच; पण त्याहून जास्त राग यायचा तो फसायला हौसेनं तयार बसलेल्यांचा. शेखरचं एक वाक्य ती सगळ्यांना ऐकवायची, संजयलाही ऐकवलं: आपल्याला आवडली म्हणून वस्तू चांगली ठरत नाही.

शेवटची परीक्षा तोलाची. तलवार एका बोटावर आडवी ठेवायची आणि ती कुठं स्थिर राहते ते पाहायचं. त्याआधी मधुमती नेहमी शेखरची स्वतःची तलवार बोटावर ठेवून घ्यायची, दुकानदार रिकामी पारडी दाखवतो तशी. त्या तलवारीचा तोल मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडपट्टीपासून पात्याकडं बरोबर चार बोटांवर होता. दहा वर्षांत त्यात फरक पडला नव्हता.

तिनं तर्जनी नेहमीच्या जागी ठेवली. तलवार मुठीकडं कलली.

बोट जरा सरकवलं, पुन्हा कलली. शेवटी साडेतीन बोटांवर ती स्थिर झाली, आणि त्याच वेळी मुठीवरची दोरी बारीकशी करकरली.

"काय झालं काकू?"

"काही नाही," मधुमती म्हणाली. "हात थंड पडलेत."

२

ही तलवार घराच्या मागच्या काचेच्या खोलीत असायची. पाऊस असला की शेखर तिथं सराव करायचा. सपाता फरशीवर घासल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा घासल्याचा आवाज. नाश्त्याला हाक मारली की म्हणायचा, "आलो, एवढं संपवून आलो." ते कधी संपायचं नाही.

तो फार हलक्या हातानं धरायचा. नवख्यांना सांगायचा, पिकलेलं केळं धरलंय असं समजा. त्याच्या उजव्या हाताच्या अनामिकेचं वरचं पेर तरुणपणी कारखान्याच्या प्रेसमध्ये गेलं होतं. त्यामुळं मुठीवरच्या पांढऱ्या दोरीवर इतर बोटांच्या टोकांचे काळपट, दबलेले डाग पडले होते, आणि अनामिकेच्या जागी दोरी नव्यासारखी पांढरी राहिली होती. दातातल्या फटीसारखी ती जागा दिसायची. मधुमतीला सगळ्या तलवारीत तेवढीच जागा खरी वाटायची.

खंडेनवमीला तिनं एकटीनं पूजा मांडली होती. काचेच्या खोलीतल्या टेबलावर पाट, पाटावर लाल कापड, त्यावर शिवणाची कात्री, शेखरचा स्पॅनरचा डबा, गाडीची किल्ली, लॅपटॉप, आणि मधोमध तलवार. तलवार लांब, म्हणून मूठ पाटाबाहेर आलेली. सगळ्यांना कुंकू, फूल, नैवेद्याला शिरा.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा. अक्षता टाकायच्या आणि एकेक वस्तू जागची जराशी हलवायची. ज्याला बोलावलं त्याला निरोप द्यायचा. शेखर देवाधर्माचा नव्हता, पण हे कधी चुकवायचा नाही. म्हणायचा, मशीन चालू केलं तर बंदही आपणच करायचं असतं.

मधुमतीनं कात्री हलवली. डबा हलवला, किल्ली हलवली, लॅपटॉप हलवला. तलवारीपाशी हात थांबला. मुठीत अक्षता तशाच घेऊन ती उभी राहिली. फेब्रुवारीपासून ती निरोपच देत होती: हॉस्पिटलमध्ये दिला, स्मशानात दिला, बँकेतल्या पोरीनं संगणकात त्याचं नाव खोडलं तेव्हा दिला. लोक येऊन सांगून गेले की आता सुटायला हवं. कुणी विचारलं होतं त्यांना?

एक दिवस राहू दे, ती मनाशी म्हणाली, आणि अक्षता डबीत परत टाकल्या.

शनिवारी संजय आला तेव्हा तिनं तलवार तशीच, अक्षता न टाकताच, उचलली होती. काम झाल्यावर पुन्हा नेऊन ठेवली, कुंकवाच्या डागाला डाग जुळवून.

३

मधुमतीची बुद्धी सहजासहजी हार मानणारी नव्हती. तिनं कारणं शोधायला घेतली.

मुठीचा लाल गोंडा ओला झाला असेल, म्हणून गोंडा सोडला. तोल तिथंच. मुठीच्या टोकाचा गोळा सैल झाला असेल. तो घट्ट होता. तिनं स्वयंपाकाच्या काट्यावर तलवार ठेवून वजन केलं. ते पूर्वी होतं तेवढंच भरलं, एका ग्रॅमचा फरक नाही. मग टेबलावर पेन्सिल ठेवून तिच्यावर तलवार आडवी ठेवली. ती शांतपणे चार बोटांवर स्थिर झाली, जुन्या जागी.

पुन्हा तर्जनीवर घेतली. आता तीन बोटं.

म्हणजे दोष बोटात. वय झालं, हात कापत असेल. तिनं कपाटातून वर्गाची सरावाची तलवार काढली आणि त्याच बोटावर ठेवली. तिचा तोल होता तिथंच होता.

फ्रिजचा आवाज बंद झाला. काचेच्या खोलीच्या छतावर कबुतर चालत होतं, तेही थांबलं. मधुमती खुर्चीवर बसली आणि जे कळलं होतं त्याच्याकडं बघत राहिली. पेन्सिलीवर जादा वजन नव्हतं, काट्यावर वजन नव्हतं. ती जेव्हा एका बाजूनं धरायची, तेव्हाच दुसऱ्या बाजूनं कुणीतरी हात ठेवत होतं.

भीती वाटायला हवी होती. तिला वाटलं ते निराळंच होतं: संध्याकाळी दारात किल्ली फिरल्याचा आवाज आला की वाटायचं तसं.

त्यानंतर शनिवारची वाट बघायची गरज उरली नाही. रोज सकाळी चहा झाला की ती काचेच्या खोलीत जाऊन तलवार बोटावर घ्यायची. मूठ डावीकडं, टोक उजवीकडं. एक क्षण नुसतं पोलाद. मग दोरी करकरायची आणि वजन यायचं. हळूच, सवयीचं असल्यासारखं. ती बोलायची. बॉयलर पुन्हा बंद पडला होता. शेजारच्यांनी कुंपण त्यांच्या बाजूनं रंगवलं आणि आपल्या बाजूनं तसंच सोडलं, अप्पलपोटे मेले. कस्तुरी ग्लासगोला ये म्हणून मागं लागलीय. कस्तुरीचं नाव काढलं की वजन जरा वाढायचं. शेखरचा जीव होताच लेकीत.

तोल दर काही दिवसांनी आणखी मुठीकडं जायचा. तीनवरून दोन बोटं. पात्याचा इतका भाग आता उजवीकडं लांबलेला असायचा की बघणाऱ्याला ते शक्य वाटलं नसतं. पण बघणारं होतं कोण?

नोव्हेंबरातल्या एका दुपारी ती धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन त्या खोलीवरून चालली होती. ती आत नव्हती. तलवारीला तिचं बोट लागलेलं नव्हतं. आतून दोरी करकरली.

तिनं वळून पाहिलं. पाटावरच्या तलवारीचं टोक लाल कापडापासून उचललं गेलेलं होतं. पाटाबाहेरच्या मुठीवर कुणी हात टेकला तर उचललं जाईल तेवढंच. दिवसाउजेडी, काचेतून येणाऱ्या पांढऱ्या प्रकाशात ते तसं राहिलं. मग टोक खाली आलं, ठक्.

हीटिंग सुरू झालंय, लाकूड फुगलं असेल, मधुमती स्वतःशी म्हणाली. कपडे तिनं दोनदा वाळत घातले.

४

कस्तुरी शुक्रवारी ग्लासगोहून गाडी घेऊन आली. ती तिथं दातांची डॉक्टर. जन्म कॉव्हेंट्रीचा, मराठी आईबापांशी बोलण्यापुरती, पण बोलायची मनापासून. बेत जुना होता. मधुमतीनं हिवाळाभर तिच्याकडं राहायचं, आणि शनिवारी जाता जाता तलवार लाऊबाईंना द्यायची. शेखरनंच हॉस्पिटलमध्ये तसं सांगितलं होतं: ती वापरात राहू दे, वर्गात. मधुमतीनं तेव्हा मान डोलावली होती.

कस्तुरीनं काचेच्या खोलीत डोकं घातलं आणि तिथंच थांबली.

"आई, हा सगळा अजून इथेच? दसरा तर कधीच झाला." झेंडूची फुलं वाळून चहापत्तीसारखी झाली होती. "बाकी सगळं उचललं, आणि फक्त तलवार नाही?"

"राहिलं."

"तुझ्याकडून काही राहत नाही."

मधुमतीनं तिला सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज तलवारीचा निकाल देतानाच्या आवाजासारखा कोरडा होता; पण हात थांबत नव्हते, ओट्यावर नसलेले डाग पुसत होते. मग कस्तुरीनं तलवार उचलली आणि लहानपणी बाबानं शिकवलं होतं तशी बोटावर ठेवली. चार बोटं. कुठं करकर नाही, काही नाही.

"सी? नॉर्मल आहे."

"तुझ्याकडं तो—" मधुमती म्हणाली आणि पुढचं गिळलं.

कस्तुरी तलवार खाली ठेवणार होती, तेवढ्यात तिची नजर मुठीवर गेली. दिवसभर लोकांच्या तोंडात बारीक डाग शोधणारी नजर ती. तिनं मूठ खिडकीकडं फिरवली.

"दोरी नवीन लावली का?"

"नाही."

"मग इथे काळा कसा झाला?"

बोटांच्या डागांमधली पांढरी फट भरली होती. तिथंही आता काळपट, दबलेला डाग होता, शेजारच्या डागांइतकाच जुना दिसणारा.

"मी रोज हाताळते," मधुमती म्हणाली. "माझ्याच हाताचं असेल."

कस्तुरीनं आईचा हात धरून मुठीवर ठेवला. मधुमतीचा पंजा लहान. तिची अनामिका त्या डागापर्यंत पोचतच नव्हती. मग कस्तुरीनं तलवार लाल कापडावर ठेवली आणि हात जीन्सला पुसले.

"बाबाचा बोट तिथे कधीच लागायचा नाही, आई."

"ठाऊक आहे मला."

"तो बाबा असेल तर हा डाग कोणाचा?"

कस्तुरीनं अक्षतांची डबी शोधली, उघडली. "मला सांग काय म्हणायचं. मी हलवते. आत्ता."

"हात लावू नकोस."

मधुमती जन्मात तिच्याशी अशी बोलली नव्हती. कस्तुरीनं डबी खाली ठेवली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सांभाळून ती म्हणाली, "मलापण बाबा पाहिजे, आई. रोज पाहिजे. पण बाबाच पाहिजे."

शेवटी ठरलं ते असं: सकाळी मधुमती स्वतः उत्तरपूजा करील, तलवार पिशवीत भरील, वर्ग सुरू व्हायच्या आत दोघी हॉलवर जातील आणि तिथून ग्लासगोची वाट धरतील.

५

शनिवारी ऊन पडलं होतं. कस्तुरीनं सामान गाडीत भरलं आणि काचा गरम होईपर्यंत इंजिन चालू ठेवून बसली. "पाच मिनिटं दे," मधुमती तिला म्हणाली होती.

काचेच्या खोलीत ती पाटासमोर उभी राहिली. उजव्या मुठीत अक्षता होत्या. टाकायच्या आणि बोटभर हलवायचं, एवढंच काम. कस्तुरीचं म्हणणं बरोबर होतं. दुसऱ्या कुणी हा माल तपासायला आणला असता तर मधुमतीनं डाग बघताच त्याला दारातून परत पाठवलं असतं.

पण निकाल देण्याआधी तोल बघायचा असतो. नियम तो नियम. अक्षता तिनं मुठीत तशाच धरल्या आणि डाव्या हातानं तलवार उचलली.

आता आडपट्टीपाशीही ती स्थिर राहिना. तर्जनी पट्टीच्या पलीकडं, मुठीखाली सरकवावी लागली, पहिल्या डागाखाली. सगळं पातं उजवीकडं हवेत लांबलं होतं आणि कुठंही झुकत नव्हतं. ऊन त्याच्यावरून घरंगळत टोकापर्यंत गेलं.

"शेखर," ती म्हणाली.

दोरी करकरली. तिच्या डोळ्यांसमोर, भर उजेडात, मुठीवरची दोरी दबली. एका जागी, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, मग चौथ्या. हवेत काहीही नव्हतं. फक्त दोरी दबत होती, आणि मग तिच्या बोटावर बोटं आली.

थंड नव्हती. ती थंड असतील असं तिला का वाटत होतं कोण जाणे. ती नुसती बोटं होती, माणसाची, बरीचशी ओळखीची. जन्मभर अंधारात, सिनेमात, विमान उतरताना धरलेला हात ती विसरणार नव्हती. तिनं डोळे मिटले आणि अंगठा हळूच त्यांच्यावरून फिरवला. तर्जनी. मधलं. अनामिका.

अनामिका पूर्ण होती. वरचं पेर होतं, पेरावर नख होतं. नख लांब होतं.

बाहेर कस्तुरीनं हॉर्न दिला, हलकासा, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही असा.

मधुमतीचा अंगठा त्या नखावर थांबला. मग तिच्या बुद्धीनं, जी कधी कुणाला सवलत देत नसे, काम सुरू केलं. तिकडं गेल्यावर गेलेलं सगळं परत मिळत असेल. का मिळू नये? माणूस जन्मभर प्रामाणिकपणे राबला तर त्याला त्याचं एक पेर परत द्यायला काय हरकत आहे? आणि नखं काय, वाढतातच. डाग उशिरा पडला तो म्हणूनच, बोट नवं होतं म्हणून. सगळं जुळत होतं. एकेक गोष्ट व्यवस्थित जुळत होती, आणि जुळताना तिला आठवत होतं संजयचं तोंड, ड्रॅगनवाली तलवार पुढं करतानाचं.

"आई," कस्तुरीनं गाडीतून हाक मारली. "येतेस ना?"

"तू हो पुढं," मधुमती म्हणाली. "एवढं संपवून आले."

उजवी मूठ तिनं उघडली. तांदळाचे दाणे घामानं तळहाताला चिकटले होते. तिनं ते एकेक करून डबीत परत टाकले आणि झाकण लावलं.

पातं वाकवून बघायचं राहिलंच होतं. ते तिनं बघितलं नाही.

"चालेल," ती म्हणाली.

तेव्हा तिच्या बोटांवरची पकड आवळली गेली. शेखरनं कधीच कशाला धरलं नव्हतं इतकी घट्ट.